डोसकाकांची लिपी

दवाखान्यात डॉक्टर होते, पण दवाखाना चालायचा तो कंपाउंडरच्या जिवावर, असं कंपाउंडरचं स्वतःचं प्रामाणिक मत होतं. आणि खोटं कशाला बोला, ते फारसं चुकीचंही नव्हतं. बाटल्या भरायच्या त्यांनी, खलात गोळ्या कुटायच्या त्यांनी, कागद दुमडून पुड्या बांधायच्या त्यांनी. बाटलीला कातरलेली कागदी पट्टी डिंकानं चिकटवायची आणि "एका वेळी एकच खाच, जास्त शहाणपणा नको" असा दम भरायचा, तोही त्यांनीच. औषधाचा डोस आणि उपदेशाचा डोस एकाच खिडकीतून मिळायचा, म्हणून सगळी वस्ती त्यांना डोसकाका म्हणायची.

माणूस साधा. दोन शर्ट आलटून पालटून घालणारा. जेवताना मीठ कमी पडलं तरी न बोलणारा. पण एका बाबतीत मात्र ते भलतेच ताठ होते. त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक लिपी काढली होती, आणि ती त्यांच्याशिवाय जगात कुणालाही वाचता येत नाही, याची त्यांना चोवीस वर्षं बालंबाल खात्री होती.

ही लिपी का काढावी लागली, त्याचं कारण डॉक्टरांचा हट्ट. दवाखान्यात शिरलं की डाव्या हाताला लांब बाक, बाकासमोर टेबल, आणि टेबलावर कार्डांचं लाकडी खोकं. पेशंटनं यायचं, खोक्यातून आपलं कार्ड आपल्या हातानं शोधायचं आणि डॉक्टरांच्या दाराशी ठेवलेल्या ट्रेमध्ये सगळ्यात खाली सरकवायचं. नंबर नाही, चिठ्ठी नाही. "स्वतःचं कार्ड स्वतः शोधलं की आजार आपला वाटतो," असं डॉक्टर म्हणायचे. आता याला काय म्हणावं? आजार काय शेजाऱ्याचा वाटत होता? पण डॉक्टरांशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं.

डॉक्टरांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच लागत नसे. म्हणून ते तोंडानं सांगायचे आणि डोसकाका कार्डावर नावाखालच्या दोन ओळींत टपोऱ्या अक्षरात लिहायचे. पहिल्या ओळीत आजार, दुसऱ्या ओळीत सूचना. आता आपलं कार्ड शोधताना माणूस दुसऱ्यांची दहा कार्डं उलटणारच, आणि उलटता उलटता वाचणारच. डोळे काय मिटून घेणार आहे?

शिकवणी घेणारे एक मास्तर होते. त्यांना क्षय झाला होता. औषधं नेमानं घेऊन ते ठणठणीत बरेही झाले, पण कार्डावरचा शब्द काही बरा झाला नाही. कुणीतरी तो वाचला. आठवड्याभरात निम्मी मुलं शिकवणीला यायची बंद झाली, महिन्याभरात उरलेली. मास्तरांनी खोली सोडली, आणि जाताना दवाखान्यात येऊन डॉक्टरांना नमस्कारही करून गेले. तो नमस्कार डोसकाकांच्या जिव्हारी लागला. डॉक्टर त्यांच्यावर खेकसले, "तुमचं अक्षर इतकं सुवाच्य कशाला हवं?" अक्षर चांगलं म्हणून बोलणी खाणारा हा पहिलाच माणूस असावा.

त्या रविवारी डोसकाका वही घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत लिपी तयार झाली. तशी सोपीच होती. क ख ग घ या चार अक्षरांच्या जागी प फ ब भ लिहायची, आणि प फ ब भ असतील तिथे क ख ग घ. तसंच च छ ज झ आणि त थ द ध यांचं. ट आणि ड एकमेकांच्या जागी, ठ आणि ढ तसेच. म च्या जागी व, य च्या जागी र, ल च्या जागी ळ, स च्या जागी ह, न च्या जागी ण, आणि या सगळ्यांचं उलटंही. काना, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी. बस्स. साखर लिहायची असेल तर 'हाफय'. दमा म्हणजे 'जवा'. गुडघे म्हणजे 'बुटभे'. महिन्याभरात त्यांचा हात असा बसला की घरी वाण्याच्या यादीतही ते चुकून 'हाफय' लिहू लागले आणि वाणी डोकं खाजवू लागला.

डॉक्टर खूश, डोसकाका त्याहून खूश. बाकावरची माणसं कार्डं उलटायची, डोळे बारीक करायची, नाद सोडून द्यायची. निदान डोसकाकांना तरी तसं वाटायचं.

पण नवी गोष्ट म्हटली की पहिल्याच घासाला खडा लागायचाच. वस्तीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. बोलतानाही दातांत दोन टाचण्या धरलेल्या असत, म्हणून त्यांना सगळे टाचणीबाई म्हणत. त्यांच्या मुलाचं लग्न ठरत होतं. एके दिवशी गुडघ्याचं दुखणं घेऊन त्या आल्या, आपलं कार्ड शोधू लागल्या, आणि शोधता शोधता होणाऱ्या सुनेचं कार्ड त्यांच्या हाती आलं. त्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोड'. झालं. अंगावर पांढरे डाग असलेली मुलगी आपल्या गळ्यात मारतायत, असं म्हणून बाईंनी त्याच बाकावर रडं सुरू केलं. लग्न मोडते, सोयरीक मोडते, माझ्या मुलाला फसवलंत, असा सगळा पाढा.

डोसकाका खिडकीआडून धावत बाहेर आले. मुलीचं नुसतं पोट दुखत होतं. उघड्यावरचं काहीबाही खाल्लं होतं तिनं. त्यांच्या लिपीत पोट लिहिलं की त्याचं 'कोड' होतं, हे काही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आणि एका मुलीचं लग्न मोडतंय म्हटल्यावर माणूस लिपी बघत बसेल का? ते घाईघाईनं म्हणाले, "अहो बाई, ते पोट आहे, पोट. मी प च्या जागी क लिहितो आणि ट च्या जागी ड. विचारा डॉक्टरांना."

बाईंनी डोळे पुसले, दातांतल्या टाचण्या नीट केल्या आणि गप्प झाल्या. लग्न झालं. मुलगी सून होऊन घरी आली आणि गुणाची निघाली. डोसकाकांनी पुढे पोट लिहायचंच सोडलं, ते 'उदर' लिहू लागले, म्हणजे 'उजय'. दोन अक्षरं फुटली खरी, पण दोन अक्षरांनी काय होतंय, असा विचार करून त्यांनी तो विषय मनातून काढून टाकला.

दोन-तीन वर्षं अशी गेली आणि मग डोसकाकांच्या घरातच दुखणं शिरलं.

घरात माणसं दोनच, ते आणि काकू. मूलबाळ नव्हतं, पण त्याचं दोघांनी कधीच रडगाणं केलं नव्हतं. काकू बोलक्या, हसऱ्या, कामाला वाघ. आणि एका वर्षी, काही कारण नसताना, त्या हळूहळू विझत गेल्या. काही झालं असतं तर सांगता तरी आलं असतं. काही झालंच नव्हतं. त्या सकाळी पाणी तापवायला ठेवायच्या आणि पातेलं कोरडं पडेपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. खिडकीत बसल्या की दिवस मावळला तरी बसलेल्याच. विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही हो." एके दुपारी डोसकाका घरी जेवायला आले, तर पलंगावर घरातल्या सगळ्या गोळ्या ओळीनं मांडलेल्या. डोकेदुखीच्या, तापाच्या, त्यांच्या स्वतःच्या झोपेच्या. काकू त्या मोजत होत्या.

डोसकाकांनी ओरडा केला नाही. सगळ्या गोळ्या रुमालात गोळा केल्या आणि काकूंना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर त्यांच्याशी तासभर बोलले. मग डोसकाकांना आत बोलावून म्हणाले, "मनाचं दुखणं आहे. औषध देतो, गुण येईल. पण सावकाश येईल. तोवर तिला एकटं ठेवायचं नाही. अजिबात नाही."

"मग मी काम सोडतो," डोसकाका म्हणाले.

"काम सोडून खाणार काय? आणि इथलं मी कुणाकडून करून घेऊ? काम सोडायचं नाही, आणि तिला एकटंही ठेवायचं नाही."

आता हे जमवायचं कसं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही माहीत नव्हतं.

घरी परत जाताना काकू वाटेत थांबल्या. त्या दिवसांत त्या आपणहून बोलत नसत, म्हणून डोसकाकाही थांबले. काकू म्हणाल्या, "अहो, एक करा. हे कुणाला कळू देऊ नका. लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतील. ते मला नाही सोसणार."

"कुणाला कळणार नाही," डोसकाका म्हणाले. "माझा शब्द."

कार्डाचा प्रश्न आलाच. कार्डाशिवाय औषध नाही, हा नियम, आणि आजवर लोकांना तो नियम ऐकवणारे हेच. दुसऱ्यांची कार्डं खोक्यात आणि आपल्या बायकोचं कपाटात, हे त्यांच्या मनाला पटेना. शिवाय लिपी होतीच की. त्यांनी कार्ड घेतलं, पहिल्या ओळीत लिहिलं 'उजाही', म्हणजे उदासी. दुसऱ्या ओळीत डॉक्टरांची सूचना जशीच्या तशी, 'एपडं ढेमू णरे'. लिहिताना कोपऱ्यात शाईचा एक थेंब पडला. एकटं ठेवू नये. कार्ड त्यांनी खोक्यात इतर कार्डांच्या मध्ये नीट ठेवून दिलं.

पहिले चार दिवस ते दवाखान्यात नुसते शरीरानं होते. बाटली भरायची आणि घड्याळ बघायचं, पुडी बांधायची आणि घड्याळ बघायचं. मध्येच "आलोच" म्हणून घराकडे पळायचे, दाराच्या फटीतून काकू दिसल्या की परत यायचे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मात्र नशीब जरा बरं वागू लागलं. ते पळत घरी गेले की घरात कुणी ना कुणी असायचंच. दहाच्या सुमाराला टाचणीबाई बसलेल्या. काय तर म्हणे, सुई-दोरा मागायला आल्या होत्या. बाराला पोस्टमन पाणी प्यायला थांबलेला, आणि एक तांब्या पाणी प्यायला त्याला पाऊण तास लागायचा. संध्याकाळी टाचणीबाईंची सून आपली तान्ही पोर काकूंच्या मांडीवर टाकून जायची, "जरा बघता का, मी आलेच," आणि ती आलेच म्हणजे दोन तासांनी यायची. रविवारी, डोसकाका बाजाराला गेले की, शेजारची मंडळी पत्त्यांचा डाव मांडून बसलेली.

डोसकाकांना आधी हायसं वाटलं, मग हळूहळू वैताग येऊ लागला. "आपल्या घराची धर्मशाळा झालीय," ते डॉक्टरांकडे कुरकुरायचे. डॉक्टर स्टेथोस्कोप पुसत बसायचे.

काकूंना गुण यायला तीन वर्षं लागली. मध्ये दोनदा दुखणं उलटलं, पण तितक्यावर निभावलं. तान्ही पोर काकूंच्या मांडीवरून रांगत खाली उतरली, चालायला लागली, काकूंनाच आई म्हणायला लागली, मग शहाणी होऊन काकू म्हणायला लागली. एके दिवशी डोसकाका दारात पोचले आणि आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. ते बाहेरच उभे राहिले. आत गेलो तर हसणं थांबेल, अशी त्यांना भीती वाटली. पुढे औषध कमी झालं, मग वर्षातून एकदा दाखवून यायचं, इतकंच उरलं. या सगळ्यात आपण बायकोला दिलेला शब्द पाळला, याचं डोसकाकांना मोठं समाधान होतं. एकवीस वर्षं त्या खोक्यात कार्ड उघड्यावर पडलेलं, आणि कुणाला पत्ता नाही.

मग डॉक्टर थकले. हात कापू लागला तेव्हा त्यांनी दवाखाना आपल्या भाचीच्या हाती दिला. भाची हुशार, झटपट बोलणारी. तिनं आल्या आल्या सांगितलं की कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची, खोकं बंद. "काका, तुमची ती अक्षरं मला काही लागत नाहीत. मला एका कागदावर सगळं लिहून द्या, कुठल्या अक्षराला कुठलं."

डोसकाका हो म्हणाले आणि घरी येऊन त्यांना जेवण गेलं नाही. कॉम्प्युटरवर म्हणजे सरळ भाषेत. म्हणजे ती भाची वाचणार, टाइप करायला येणारी मुलगी वाचणार, उद्या आणखी कोण कोण. सगळ्यांची कार्डं जावोत, पण हे एक जाता कामा नये. रविवारी त्यांनी सगळी अक्षरं कागदावर उतरवली, कागद खिशात घातला आणि मनाशी ठरवलं, सोमवारी सगळ्यांच्या आधी जायचं, काकूंचं कार्ड काढून घ्यायचं आणि मगच कागद द्यायचा.

सोमवारी ते पाऊण तास लवकर पोचले. पण भाची त्यांच्याही आधी आली होती. टेबलावर कॉम्प्युटर होता, खोकं सरळ बाकावर ठेवलेलं होतं आणि खोक्याभोवती चारपाच माणसं. निवृत्त झालेला पोस्टमन चष्मा कपाळावर चढवून एकेक कार्ड उचलत होता आणि भाची टाइप करत होती.

"हाफय, म्हणजे साखर," पोस्टमन म्हणाला. "आणि पुढे जवा. दमा."

"हे माझं आहे, बुटभे," टाचणीबाई म्हणाल्या. "गुडघे लिही. दोन्ही लिही."

डोसकाका उंबऱ्यात उभे. अक्षरांचा कागद त्यांच्या खिशात, घडी न मोडलेला. त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. पोस्टमननं पुढचं कार्ड उचललं. कोपऱ्यात शाईचा डाग होता. पोस्टमननं ते बघितलं, न बघितल्यासारखं केलं आणि हलकेच स्वतःच्या मांडीखाली सरकवलं.

"ते का बाजूला?" भाचीनं विचारलं.

"ते घरचं आहे," पोस्टमन म्हणाला. "ते त्यांना विचारल्याशिवाय नको."

आणि मग त्याची नजर दाराकडे गेली.

भाची एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. डोसकाकांनी शेवटी विचारलं, "तुम्हाला वाचता येतं?"

पोस्टमन खाली बघत म्हणाला, "येतं थोडं थोडं."

"कुणाकुणाला येतं?"

बाकावरची माणसं आपापल्या चपला निरखू लागली. ते उत्तर पुरेसं होतं. डोसकाका तसेच आत औषधांच्या खोलीत गेले आणि उगाचच बाटल्या पुसायला लागले. चोवीस वर्षं आपण किल्ली लपवून बसलो आणि दार सताड उघडं होतं, हे त्यांना कळत होतं पण आत उतरत नव्हतं. आधी संताप आला. मग लाज वाटली. मग काकूंना दिलेला शब्द आठवला आणि हातातली बाटली त्यांना खाली ठेवावी लागली.

खिडकीशी टाचणीबाई येऊन उभ्या राहिल्या. वयानं वाकल्या होत्या. दातांतल्या टाचण्या त्यांनी काढून पदराला टोचल्या. म्हणजे आता नीट बोलायचं होतं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "ते कोड-पोट तुम्ही सांगितलंत ना, त्यावरून मी बाकीचं लावलं. दर आठवड्याला गुडघे घेऊन तासन्‌तास बसायचं इथे, दुसरा उद्योग काय? सहा महिन्यांत सगळं वाचता यायला लागलं. मग या पोस्टमनला सांगितलं, मग त्यानं पुढच्याला. पण एक नियम मी घालून दिला होता, भाऊ. वाचायचं, पण बोलायचं नाही. त्या कोडापायी मी केवढा तमाशा केला होता. माझी मला लाज वाटत होती. आणि आमचीही कार्डं त्याच खोक्यात होती ना."

डोसकाकांनी मान वर केली नाही. "आणि हिचं?"

"वहिनींचं मी चारपाच दिवसांतच वाचलं. खाली लिहिलं होतं, एकटं ठेवू नये. आता तुम्ही तर सकाळ-संध्याकाळ इथे. मग ते लिहिलंय कुणासाठी? आम्हाला वाटलं, आमच्यासाठीच लिहिलंय. मग आम्ही वाटून घेतलं. दहाला मी, बाराला हा, संध्याकाळी माझी सून. डॉक्टरांना ठाऊक होतं. ते म्हणाले, करा, पण त्याला कळू देऊ नका, तो कानकोंडा होईल."

डोसकाकांच्या डोळ्यांपुढे ती तीन वर्षं उभी राहिली. पाण्याचा तांब्या, पत्त्यांचा डाव, मांडीवरची पोर. एवढी वर्षं ज्याला ते नशीब म्हणत होते, ते सगळं हेच होतं, बाकावरची माणसं. आणि आपण धर्मशाळा म्हणून नावं ठेवत होतो. ते स्टुलावर बसले, आणि साठी ओलांडलेला तो माणूस औषधाच्या खिडकीआड तोंड लपवून घळाघळा रडला. खिडकीतून हात घालून बाईंनी फक्त त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि परत बाकावर जाऊन बसल्या.

पण शब्द मोडला होता, आणि ते काकूंना सांगायला हवं होतं. दुपारी घरी गेल्यावर ते ताटावर बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "अगं, तुला मी एक शब्द दिला होता. तो मी पाळू शकलो नाही. सगळ्यांना कळलंय. आज नाही, तेव्हापासूनच कळलेलं आहे."

काकू पोळी लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं नाही. "मला माहितीये."

"तुला माहितीये?"

"अहो, शिवणकाम करणारी बाई रोज सकाळी माझ्याकडे सुई-दोरा मागायला यायची. तिच्याकडे सुई नसणार होती का?" काकूंना हसू आलं. "महिन्याभरातच ओळखलं मी. आधी राग आला. एकदा तर दार उघडलंच नाही. तर ती पायरीवर बसून राहिली, उन्हात, दोन तास. मग मीच तिला आत घेतलं. वेगळ्या नजरेनं कुणी बघितलं नाही हो माझ्याकडे. येऊन बसायचे, बडबडायचे, जायचे. मी त्या सगळ्यांमुळे आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला तुमच्या त्या अक्षरांचा केवढा अभिमान. म्हटलं, राहू दे. तेवढाच तुम्हाला आधार होता तेव्हा." काकूंनी पोळी तव्यावर टाकली. "बसा आता. निवेल."

त्या दुपारी डोसकाका जेवले आणि भरपूर जेवले. पण एक गोष्ट त्यांना सुटत नव्हती. या लोकांचे आभार मानायचे कसे? एकेकाच्या घरी जाऊन बोलायचं, तर ज्यांनी इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलं, त्यांना आपणच अवघडल्यासारखं करायचं. न बोलावं, तर ते ओझं छातीवर तसंच. आयुष्यभर दुसऱ्यांना डोस पाजणाऱ्या माणसाला स्वतःची दोन वाक्यं गिळता येईनात आणि बाहेरही काढता येईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दवाखान्याच्या दाराशी असलेला फळा पुसला. दवाखान्याची वेळ, सुट्टीचा वार, असलं काही त्यावर लिहिलेलं असायचं. त्यांनी खडू घेतला आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'हबल्रांता आघायी आसे.' लिहिलं, खडूचे हात झटकले आणि खिडकीआड जाऊन पुड्या बांधू लागले. कान मात्र बाहेर.

पोस्टमन आला. फळ्यापाशी थांबला, चष्मा खाली घेतला, वाचलं, चष्मा वर केला आणि येऊन बाकावर बसला. "ऊन फार आहे आज," म्हणाला. टाचणीबाई आल्या. त्यांनी वाचलं, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "तर काय. कालच्यापेक्षा जास्त." मागून त्यांची सून आली, आणखी दोघंतिघं आली. प्रत्येक जण फळ्यापाशी तेवढाच थांबायचा, जेवढं ते वाचायला लागतं, आणि मग येऊन उन्हाबद्दल बोलायचा. इतक्या वर्षांची सवय ती, एका सकाळीत थोडीच जाणार? डोसकाकांना खिडकीआड गालातल्या गालात हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

तेवढ्यात दारात काकू दिसल्या. वर्षातून एकदा दाखवायला यायच्या, तो त्यांचा दिवस नव्हता. बहुतेक कालचं त्यांच्याही मनात घोळत असावं. त्या फळ्यापाशी थांबल्या. पुन्हा पुन्हा वाचू लागल्या. ओठ हलत होते, पण अर्थ लागत नव्हता. अख्ख्या वस्तीत ती लिपी न येणारं माणूस एकच राहिलं होतं, आणि ते डोसकाकांच्या घरातलं होतं. त्यांनी काकूंना ती कधी शिकवलीच नव्हती. शिकवली असती तर कार्ड वाचता आलं असतं ना.

काकूंनी बाकाकडे बघून विचारलं, "काय लिहिलंय हो हे?"

पोस्टमन खोकला. टाचणीबाईंनी सुनेकडे बघितलं, सुनेनं छताकडे. सांगायला काय, कुणीही सांगितलं असतं. पण कुणी सांगेना. एकेक करून सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

डोसकाकांनी हातातली पुडी अर्धवट दुमडलेली तशीच ठेवली. खिडकीतून सांगता आलं असतं, पण ते दार उघडून बाहेर आले आणि बाकासमोर उभे राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून त्यांनी ते मागे बांधले.

"सगळ्यांचा आभारी आहे, असं लिहिलंय," ते काकूंना म्हणाले. मग बाकाकडे वळले, पण आवाज इतका बारीक झाला की शब्द जेमतेम ओठांपर्यंत आले. "हिला तुम्ही एकटं ठेवलं नाहीत. ही आज आहे ती तुमच्यामुळे. मी फार आभारी आहे."

भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्या पोस्टमननं कानामागे हात धरला.

"इकडे ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

बाकावरची माणसं सरकली, त्यांनी काकूंना मधोमध जागा करून दिली, आणि डोसकाकांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जरा मोठ्यानं.